मदत हवी आहे: मुलांच्या 'उगाच' प्रश्नांना हसवणारी पण खरी उत्तरं

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणेशोत्सवात मुलांचं भित्तिपत्रक लागतं. जिन्याच्या तोंडाशीच, त्यामुळे येताजाता प्रत्येकाच्या नजरेस पडतं. त्यातलं 'उगाच विचारलं' हे सदर माझ्याकडे आहे. मुलं वर्षभर माझ्या दारातल्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात आणि त्यांची उत्तरं उत्सवात लागतात. प्रश्न रोजचे, वेडगळ. घरी विचारले तर 'डोकं खाऊ नकोस' ऐकायला मिळेल असे.

सदराचा नियम मुलांनीच केलाय: उत्तर वाचून हसू आलं पाहिजे आणि उत्तर खरं असलं पाहिजे. नुसता विनोद केला तर 'काकू, टाळू नका' म्हणतात, नुसतं विज्ञान लिहिलं तर कुणी दोन ओळींपुढे वाचत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. मुलाची थट्टा करून त्याला वाटेला लावणं सोपं असतं, पण ते मूल पुन्हा चिठ्ठी टाकत नाही. तेव्हा हसू उत्तराचं यावं, विचारणाऱ्याचं नको. एवढं सांभाळून कुणी हात लावाल का?

नमुन्यादाखल एक. चौथीतल्या मुलीनं विचारलं होतं, "आपली लोकल उभी असते, बाजूची सुटते, तरी आपणच निघालो असं का वाटतं?" उत्तर असं लावलं: डोळा म्हणतो 'निघालो', कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग म्हणतो 'अजून बसूनच आहोत', आणि मेंदू डोळ्याची बाजू घेतो. कारण एरवी खिडकीतलं अख्खं दृश्य सरकायला लागलं की खरंच आपली गाडी चाललेली असते. खात्री करायची असेल तर दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून फलाटावरचा खांब बघावा. खांबाला खोटं बोलता येत नाही.

दुसरा डासाचा. "डास नेमका कानाशीच का गुणगुणतो?" तर तो सगळीकडेच गुणगुणतो, ऐकायची सोय फक्त कानाशी आहे. शिवाय तो नव्हे, ती. रक्त पिते ती मादीच, आणि आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर ती तोंडाजवळ येते. म्हणजे श्वास घेणं थांबवता आलं तर सुटका, असं लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरात 'हा उपाय करू नये' असंही लिहिलं.

मुलांना सगळ्यात आवडला तो बिस्किटाचा प्रश्न. चहात बुडवलेलं बिस्किट तोंडापर्यंत येण्याआधीच का तुटतं? यावर खरोखरच काम झालंय. ब्रिस्टल विद्यापीठातले लेन फिशर यांना बिस्किट बुडवण्याची उत्तम रीत काढल्याबद्दल १९९९ साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या पण खऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार, मिळालं. बिस्किटात स्टार्चचे कण साखर आणि तुपा-तेलाच्या आधारानं एकमेकांना धरून असतात. मधल्या बारीक छिद्रांतून गरम चहा वर चढतो, साखर विरघळते, स्टार्च फुगून मऊ पडतो आणि भिजलेल्या भागाला स्वतःचंच वजन पेलत नाही. फिशर यांचा उपाय असा की बिस्किट उभं न बुडवता जवळजवळ आडवं धरायचं. खालची बाजू भिजते, वरची थोडा वेळ कोरडी राहते आणि तीच सगळा भार उचलते.

हे मुलांनी कॉमन गॅलरीत करून बघितलं. अडचण लगेच आली: कपाच्या तोंडातून बिस्किट आडवं जातच नाही. तेव्हा आमच्या मजल्यावरचे अप्पा, जे अजूनही चहा बशीत ओतून पितात, त्यांनी आपली बशी पुढे केली. बशीत बिस्किट सपाट टेकलं, वरची नक्षी कोरडीच होती, आणि ते अख्खं तोंडात गेलं. भित्तिपत्रकावर उत्तर लागलं ते असं: 'कप सोडा, बशी धरा.' खाली सगळी कारणमीमांसा. ती मोठ्यांनीसुद्धा थांबून वाचली. मला हव्यात त्या अशा उत्तरांच्या जोड्या, वर हशा आणि खाली कारण.

काही थोरामोठ्यांना हे सगळं रिकामपणाचं वाटतं. त्यांच्यासाठी मी इग नोबेलची माहितीच एका कोपऱ्यात लावलीय. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला १९९१ पासून हे पुरस्कार देतात. त्यात आपली माणसंही आहेत. नाकात बोट घालण्याची सवय किशोरवयीन मुलांमध्ये किती सर्रास असते हे तपासणाऱ्या बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या चित्तरंजन आंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी यांना २००१ मध्ये ते मिळालं. केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांना २००२ मध्ये मिळालं, भारतीय हत्तीच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ कसं काढायचं यासाठी. नाकाचा पुरस्कार वाचून आमची पाचवीची टोळी हरखून गेली. आपण रोज करतो त्यावरही अभ्यास होऊ शकतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

आता अडलंय ते सांगते.

दोन बस एकदम येण्याचा प्रश्न. अर्धा तास एकही नाही आणि मग एकामागे एक दोन, त्यातली मागची रिकामी. कारण मला माहीत आहे. पहिल्या बसला थोडा उशीर झाला की थांब्यावर माणसं साठतात, ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते, पुढच्या थांब्यावर त्याहून मोठी गर्दी. मागच्या बसच्या वाट्याची माणसं पहिलीनंच उचललेली असतात, म्हणून ती न थांबता भरभर येते आणि पहिलीला गाठते. रस्ता मोकळा असला, दोन्ही ड्रायव्हर शहाणे असले, तरीही हे होतं. पण तिसरीतल्या मुलाला हसत हसत कळेल असं मला ते लिहिता येत नाहीये. दोन बसमधला संवाद, छोटं नाटुकलं, काहीही चालेल. फक्त ड्रायव्हर-कंडक्टरांवर विनोद नको. चाळीत बसवर काम करणाऱ्यांची घरं आहेत, आणि दोष त्यांचा नसतोच.

दूध उतू जाण्याचं उत्तर अर्धंच तयार आहे. पाण्यातले वाफेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, त्यांचा पापुद्रा वर धरतो आणि बुडबुडे फुटायच्या ऐवजी फेस होऊन चढतात. आधी पातेल्याच्या कडेला साय सुरकुतते, मग बारीक बुडबुड्यांचं कडं येतं, मग मध्यभाग एकदम फुगतो. या शेवटच्या टप्प्याला काही क्षणच लागतात. इथवर ठीक. पण प्रश्न होता, "आपण वळलो की लगेचच का?" मी लिहिलं की ज्या दिवशी आपण उभे राहून वेळेवर गॅस बंद केला, तो दिवस कुणाच्याच लक्षात राहत नाही. चाळीतल्या आज्यांना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते दुधाला कळतं. आज्यांनाही पटेल असं काही सुचवाल का? छत्री घेतली की पाऊस पडत नाही, हा प्रश्न त्याच जातीचा आहे, त्यामुळे एका उत्तरात दोन्ही भागतील.

आणि हे प्रश्न अजून कोरे आहेत:

पाहुणे 'निघतो' म्हणून उठतात आणि मग दारात, चपला घालून, अर्धा तास का बोलतात? हातातली पिशवी खालीही ठेवत नाहीत, असं चिठ्ठीत खास लिहिलंय.

आरती सावकाश सुरू होते, पण 'घालीन लोटांगण'ला येईपर्यंत सगळ्यांचा वेग का वाढतो? भूक लागलेली असते, हे उत्तर मुलांनी स्वतःच दिलंय आणि स्वतःच फेटाळलंय, कारण प्रसादानंतरच्या भजनालाही तेच होतं. तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्यांनी यावर जरूर लिहा.

वहीचं पहिलं पान मोत्यासारखं आणि पाचव्या पानापासून अक्षर का बिघडतं? (हे एका आईचं अक्षर वाटतंय, पण चिठ्ठी डब्यात आली म्हणजे नियमात बसली.)

स्वतःच स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत? मेंदूला आपल्या हाताची हालचाल आधीच ठाऊक असते, म्हणून तो त्या स्पर्शाला फारशी किंमत देत नाही, हे कारण लिहून झालंय. हशा तेवढा हवाय.

एक विनंती. फिरत्या मेसेजमधली माहिती तपासल्याशिवाय देऊ नका. पाण्यात बोटं सुरकुततात याचं कारण घरोघर 'कातडी पाणी पिऊन फुगते' असं सांगतात. पण बोटाची नस तुटलेली असेल तर ते सुरकुततच नाही, म्हणजे हे काम मज्जासंस्थेचं आहे, ती आतल्या रक्तवाहिन्या आवळते. २०१३ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलता आल्या. ओल्या गोट्या हे ऐकूनच मुलं हसली, आणि बादली घेऊन पळाली. खरं कारण बहुतेक वेळा मनानं रचलेल्यापेक्षा जास्त मजेशीर निघतं, म्हणून माझा आग्रह.

उत्तर आठ-दहा ओळींचं असावं, कारण कार्डशीटवर हातानं लिहायचं असतं आणि ते काम सहावीच्या मुली करतात. तुमचं नाव किंवा इथलं टोपणनाव खाली लिहू, नको असेल तर तसं सांगा. तुमच्या घरातल्या मुलांनी विचारलेले असे प्रश्न असतील तर तेही द्या, उत्तर नसलं तरी चालेल, डब्यात टाकते. गणपतीच्या आठवडाभर आधीपर्यंत आलेलं सगळं लागेल, उशिरा आलेलं गौरींच्या दिवशी लावू.

आगाऊ आभार.