फोर्ज्ड पिस्टनआधी बेअरिंग बघा

माझदा एमएक्स-५ गाडीच्या १.८ लिटर इंजिनात फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन घालायचे आणि पैसे वाचवायला क्रँकशाफ्टची जुनी बेअरिंग, जुना ऑइल पंप तसाच ठेवायचा, हा तुमचा बेत मला उलटा वाटतो. टर्बो लावणार नसाल तर मूळ पिस्टन पुरतात. फक्त स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूच्या भिंतीवर) खोल ओरखडे नकोत आणि रिंगच्या खाचा झिजलेल्या नकोत. ८३ मिमीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वर, मध्ये, खाली असा दोन्ही दिशांनी मोजा. गोल निघाला तर होनिंग (सिलिंडरची आतली भिंत बारीक घासणं) आणि नव्या रिंग एवढ्यावर भागेल.

बेअरिंग मात्र नवीच घ्या. आणि बेअरिंगमधली फट मोजायला प्लास्टिगेज वापराच, फार स्वस्त असतं. मेणासारखा तो धागा जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये बसणारा गोल भाग) ठेवून बेअरिंगची कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची (क्रँक अजिबात फिरवायचा नाही!), मग उघडून चपट्या झालेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीने मोजायची. ढोबळ हिशेब जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाचा, म्हणजे ४५ मिमीला ०.०४५ मिमी फट. अंतिम आकडा मॅन्युअलचाच धरा.

जुनं बेअरिंग आपल्या बैठकीत फिरून खराब झालं असेल तर ऑइल कूलरही बदला. त्यातला धातूचा चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.