मदत हवी आहे : दारू सोडलेल्या दादासाठी संध्याकाळचा योग

नमस्कार मंडळी. आमचा दादा, वय ४६, व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहून दिवाळीआधी कराडला घरी आला. तिथे पहाटे सगळ्यांबरोबर योगासनं असायची, ती त्याने घरीही चालू ठेवलीत. सकाळ छान जाते. घोडं अडतं ते संध्याकाळी. सातच्या सुमारास, म्हणजे पूर्वी ‘बसायची’ वेळ झाली की, येरझाऱ्या सुरू. चहा, पुन्हा चहा, मग विनाकारण चिडचिड.

कुणीतरी शवासन सांगितलं. पण डोळे मिटले की डोक्यात जास्तच भुंगा, म्हणतो. दोन मिनिटांत उठून बसतो. वृक्षासनात तोल जातो, तळपायाला मुंग्या येतात. (डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांच्या दारूने पायाच्या नसांवर परिणाम झालाय.) बीपीही आहे, म्हणून कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरात श्वास घ्यायचे-सोडायचे प्रकार बंद. गोळ्या आणि एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग चालूच आहे, ते सोडून योग असं नाही.

तर या वेळेला डोळे उघडे ठेवून, खुर्चीवर बसून करता येईल असं काय द्यावं? भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं), की नुसता श्वास सोडताना लांबवणं? योगनिद्रा (पडून सूचना ऐकत अंग सैल सोडणं) इतक्यात नको का? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या पाठपुराव्याला जाणारं किंवा स्वतः यातून गेलेलं कुणी असेल तर तुमची सात ते नऊची वेळ कशी भरलीत, तेवढं सांगा. आणि मी शेजारी बसून केलं तर बरं, की त्याला पहारा वाटेल?