प्रतिसाद: एका रात्रीत सगळं नको
हिंजवडीच्या ऑफिसातला जुना कोअर (मुख्य स्विच) शनिवारी रात्री बंद करून सगळी व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) एकदम व्हीएक्सलॅनच्या फॅब्रिकवर, म्हणजे स्विचांच्या नव्या जाळ्यावर, न्यायचा तुमचा बेत मला तरी पटत नाही. काही दिवस दोन्ही चालू ठेवा, मधे एकच पोर्ट-चॅनल, म्हणजे अनेक लिंका मिळून एकच जोड. दोन सुट्या लिंका जोडल्यात तर लूप झालाच म्हणून समजा, डेटा गोल गोल फिरत राहणार. कारण व्हीएक्सलॅन (व्हीलॅनचा डेटा आयपी पाकिटात गुंडाळून नेणारी पद्धत) सहसा स्पॅनिंग ट्रीचे बीपीडीयू, म्हणजे लूप ओळखायला लागणारे संदेश, पलीकडे नेत नाही. आयपीव्ही4 वर त्याचं हेडरचं ओझं 50 बाइटचं, तेव्हा लीफ-स्पाइनमधला (फॅब्रिकच्या स्विचांमधला) एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी, आधीच वाढवा. नाहीतर पिंग जातो, मोठी फाइल अडकते आणि बिचाऱ्या फायरवॉलवाल्याला शिव्या बसतात! गेटवे (व्हीलॅनमधून बाहेर जायचं दार) एकेक व्हीलॅन करून हलवा: जुना एसव्हीआय (कोअरवरचा गेटवे) बंद, लगेच एनीकास्ट गेटवे (सगळ्या लीफवर एकच पत्ता असलेला) चालू. गेटवेचा मॅक पत्ता बदलला की जुने प्रिंटर, बायोमेट्रिक मशिनं कधीकधी जुनीच एआरपी नोंद (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, ती) धरून बसतात. त्यांची यादी आधी काढा.