श्रमदान रिकाम्या लोकांचं काम नाही
गावात पाणी अडवाच्या श्रमदानावर चर्चा चालू आहे, त्यात एकानं लिहिलं का समाजसेवा म्हणजे रिटायर लोकांचं काम, मजुरी बुडवून कोण येईन. मजुरी बुडते हे खरंच आहे, पण बाकी नाही पटलं. आमच्या वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा पाहा ना, आर्वी तालुक्यातलं कोलाम लोकांचं गाव, श्रमदान करूनच २०१७ च्या वॉटर कपमध्ये (पाणी फाउंडेशनची गावागावातली पाणी अडवाची स्पर्धा) राज्यात पहिलं आलं, ५० लाखाचं बक्षीस.

अन् सगळे पाण्याचाच फायदा लिहून राहिले, माणसात जो फरक पडते तो कोणी लिहिलाच नाही. आमच्या गावात उन्हाळ्यात पहाटेच चर खोदाले जायचो (एकदा ऊन चढलं का टिकासीले हात लावता येत नाही), तवा बचत गटाच्या बाया हायड्रोमार्कर (जमिनीची सारखी पातळी पाहाचं साधं साधन) घेऊन टेकडीवर लेव्हल काढायच्या, चुन्याची रेघ मारायच्या अन् गडीमाणसं त्या रेघेवरच खोदायची, म्हणजे बाईनं आखलं तसंच. आधी याच बाया ग्रामसभेत मागं चूप बसून राहायच्या, आता रोजगार हमीच्या कामाचं मोजमाप कमी भरलं का भर सभेत उठून हिशोब मागतात. त्याच्यामुळं ज्यांच्याकडे यंदा काम सुरू होऊन राहिलं त्यांनी आखणी बायांकडेच द्या, नुसतं घमेलं उचलाले बोलावू नका.