जुन्या ऑटोमॅटिकला दणके बसतात : थेट गिअरबॉक्सच उतरवायचा?

बिंदुसरा (बीड) : माझी 2009 ची पेट्रोल सेडान. चार गिअरची ऑटोमॅटिक, 1,38,000 किलोमीटर. सकाळी थंड असताना लोण्यासारखी चालते. संभाजीनगरला निघालो की गेवराई मागं पडेपर्यंत ठीक, पाचोडच्या आसपास नाटकं सुरू. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम (इंजिनचे फेरे) मोकळा वर पळतो अन् मग मागून कुणी ठोकल्यासारखा दणका. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं पाच मिनिटं चालवली न् म्हणाला, "बॉक्स गेला. सेकंडहँड टाकू, सव्वा लाख." बॉनेटसुद्धा उघडलं नाही! माझं म्हणणं, तेल, वायर, सेन्सर बघितल्याशिवाय बॉक्सला हात लावायचा नाही. पटतंय का?

मोंढा_लातूर : नाही पटत. पंधरा वर्षं उलटलेली गाडी. आरसीचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्स, वरून हे. तपासणीच्या नावाखाली चार चकरा मारून वीस हजार घालवाल आणि शेवटी बॉक्सच बदलाल. त्यापेक्षा विका अन् हाताच्या गिअरची घ्या. आपल्याकडं गल्लोगल्ली कुणीही दुरुस्त करून देतो.

वाळूज_फिटर : विकायचीच असेल तर प्रश्न मिटला. पण दुखणं हल्याला अन् डाग पखालीला, असं नको. थंडीत बरी, तापली की बिघडते, ही खूण महत्त्वाची आहे. तापल्यावर तेल पातळ होतं. आतली सीलं कडक झाली असतील किंवा तेल कमी असेल, तर तेलाचा दाब कमी होतो आणि गिअर धरून ठेवणाऱ्या आतल्या क्लच प्लेटा वेळेवर पकडत नाहीत. तोच तुमचा पळालेला आरपीएम.

म्हणून आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघा. गाडी सपाट जागी, तेल पूर्ण तापलेलं. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून लगेच, मॅन्युअल वाचा. तेल लालसर असलं तर छान. काळपट अन् जळका वास असेल तर प्लेटा भाजल्यात. दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी जागेवरून हलवू नका, रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी तेलात शिरलंय.

जालना_रोड : तेलाच्याही आधी स्कॅनर लावा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. पी 0700 एकटा आला तर त्याचा अर्थ फक्त 'गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडं तक्रार आहे' एवढाच. खरी तक्रार आतल्या कोडमध्ये असते. पी 0730 म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे घसरण. सोलेनॉइडचा (बॉक्समधल्या तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) कोड आला तर आधी कनेक्टर आणि वायर बघायची. माझ्या गाडीत बॅटरीची अर्थिंगची वायर गंजली होती, तेवढ्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसायची. मलाही बॉक्सच सांगितला होता!

मोंढा_लातूर : साधा स्कॅनर इंजिनचेच कोड दाखवतो, गिअरबॉक्सचे सगळे नाही. तो बघणारा माणूस बीडात शोधून दाखवा.

जालना_रोड : हे मात्र खरं. संभाजीनगरात मिळेल, पण "गिअरबॉक्सचं मॉड्युल वाचता येतं का" हे आधी फोनवर विचारा.

पखालवाला : तेलाला हात लावू नका, एवढंच सांगतो. आमच्या मामांनी जुन्या गाडीचं तेल बदललं न् आठवड्यात गाडी रिव्हर्स घेईना. जुनं तेलच प्लेटांना धरून असतं.

वाळूज_फिटर : मामांनी तेल कधी बदललं? गाडी घसरायला लागल्यावरच ना? मग प्लेटा आधीच संपलेल्या होत्या, नाव तेलाचं झालं. मशीन लावून सगळं तेल दाबानं ढकलणं जुन्या बॉक्सला मलाही पटत नाही. पण नुसता ड्रेन बोल्ट काढून ओतलं तर निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणाऱ्या भागात) राहतं. म्हणून चारपाचशे किलोमीटरच्या अंतरानं दोनतीनदा बदला. आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल. 'सगळ्या गाड्यांना चालतं' म्हणून विकतात ते नको.

पखालवाला : तुम्ही फिटर, तुम्ही म्हणणारच. खिसा आमचा.

बिंदुसरा : काल बघितलं. तेल खालच्या खुणेच्याही खाली, रंग तपकिरी, जळका वास नाही म्हणावा इतपत. रेडिएटरकडं जाणारा रबरी पाइप क्लिपेपाशी ओला आहे. म्हणजे उन्हाळाभर थेंबथेंब गेलं असणार. पाइप बदलून तेल टाकतो. मोंढ्याला मान्य नसेल.

मोंढा_लातूर : मान्य नाहीच. तेल कमी असताना किती महिने फिरवली? त्यात प्लेटा भाजल्या नसतील कशावरून?

वाळूज_फिटर : हा प्रश्न बरोबर विचारला. तेल काढताना खालची पॅन उघडायला लावा, आत चुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा मऊ चिखल असेल तर चालतं. चमकणारे कीस, तुकडे दिसले तर मोंढ्याचं ऐका. फोटो टाका.

मोंढा_लातूर : फोटो पुसून मग काढू नका म्हणजे झालं.