लाळ्या-खुरकूत: कूलरचं दूध तपासून आधी कळेल का?

कासंडी: गाई-बैलांच्या लाळ्या-खुरकुताचा विषाणू तोंडात फोड येण्याच्या एक ते चार दिवस आधीच दुधात उतरू शकतो. मग संकलन केंद्राच्या बल्क कूलरमधलं (सगळ्यांचं दूध थंड ठेवायच्या टाकीतलं) दूध दर आठवड्याला आरटी-पीसीआरला, म्हणजे विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) शोधणाऱ्या चाचणीला, का पाठवू नये? एका नमुन्यात शंभरेक गोठे येतात. कूलर पाच-दहा मिनिटं ढवळायचा, निर्जंतुक पळीने 50 मिली घ्यायचं, बर्फाच्या डब्यातून पुण्यातल्या औंधच्या प्रयोगशाळेत धाडायचं. फॉर्मलिन अजिबात टाकायचं नाही, आरएनए खराब होतो. केन्यात नाकुरू भागात अशाच एकत्रित दुधात या विषाणूचा आरएनए सापडला आहे.

वैरणवाला: केन्यात सापडला, पण इथे हिशेब बसत नाही. ताप चढला की गाय दुधाला कमी होते, त्यात शंभर गोठ्यांचं पाणी! विषाणू उरणार किती? शिवाय कूलर रोज रिकामा होतो. सोमवारचा नमुना सोमवारचंच सांगतो, मंगळवारी शिरलेला रोग पुढच्या सोमवारपर्यंत वस्तीभर. आणि भाकड गाई, कालवडी, शेळ्या? बीडकडून ऊसतोडीला येणारे बैल कूलरमध्ये दूध घालत नाहीत.

पशुवैद्य: कोणी प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीर बनवतं ती अँटिबॉडी) तपासा म्हणायच्या आत सांगतो. 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी ओ, ए, एशिया-1 या विषाणूच्या प्रकारांची लस टोचायची आहे, त्यामुळे प्रतिपिंडं दुधात असणारच. प्रतिपिंडांचीच 3एबीसी चाचणी लस आणि लागण वेगळी करते, पण जुनी लागणही दाखवते. म्हणून पीसीआरच. तिलाही मर्यादा आहे: लागणीनंतर तीन-चार आठवडे आरएनए सापडू शकतो, म्हणजे विषाणू जिवंतच आहे असं नाही. बैलांचा मुद्दा मात्र मला मान्य.

कासंडी: म्हणूनच वर्षभर नको. ऑक्टोबर ते मार्च, कारखान्यांच्या पट्ट्यातली केंद्रं, आठवड्यातून दोनदा. पॉझिटिव्ह आला की सोसायटीनिहाय कॅन तपासायचे, मग त्या सोसायटीच्या सभासदांचे गोठे. शंभर गोठे हिंडायची गरज नाही.

वैरणवाला: आणि दूध संघाने त्या सोसायटीचं दूध बंद केलं तर? पुढच्या वेळी आजारी गाईचं दूध भावकीच्या नावावर जाईल. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याने रोग कळवणं बंधनकारक आहे, तरी हप्ता बुडणार म्हटल्यावर कोण कळवतो?

पशुवैद्य: दूध बंद करायचं कारणच नाही, पाश्चरीकरण होतंच आणि हा माणसांचा रोग नव्हे. दूध वेगळ्या फेरीने, शेवटी उचला. खरा धोका परतीच्या कॅनचा: तो कॅन आणि टँकरची चाकं 4 टक्के धुण्याच्या सोड्याने धुवा, कॅन नंतर साध्या पाण्याने खळखळून काढा.

वैरणवाला: हे सगळं संघाने लेखी दिलं तर माझा नमुन्याला विरोध नाही. तोंडी आश्वासनावर नाही.