सोलापुरात बसून सर्व्हर ॲप्लिकेशन करायचं, तर फ्रेमवर्क कुठलं?

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)

ऑफिसात या विषयावर डोकी तापलीयत, म्हणून धागा काढतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर करायचंय. सुताचा साठा, बाहेर दिलेलं जॉबवर्क, ऑर्डरी, डिस्पॅच, जीएसटीचं बिल. वापरणारे फार तर तीस-चाळीस जण. पोरांना नोड आणि एक्सप्रेस (जावास्क्रिप्टवालं फ्रेमवर्क, म्हणजे ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा) हवंय, माझं म्हणणं जँगो (पायथनवालं).

मत आधीच सांगतो, मग खुशाल तुटून पडा. आपल्यासारख्या गावातल्या छोट्या कंपनीनं सगळं आतच असलेलं फ्रेमवर्क घ्यावं. एक्सप्रेस म्हणजे राउटिंग (कुठला पत्ता कुठल्या कोडकडं जाणार) आणि मिडलवेअर (मधल्या तपासण्या), बस. लॉगिनला एक पॅकेज, डेटाबेसला दुसरं, मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलायला) तिसरं, फॉर्म तपासायला चौथं. हे सगळं जुळवणारा पोरगा हुशारच असतो, आणि हुशार पोरगा दीड-दोन वर्षांत हिंजवडीची वाट धरतो. मग हीच पॅकेजं का घेतली, अमुक फोल्डरात तमुक का ठेवलं, हे सांगायला कुणी उरत नाही. जँगोत मॉडेल (डेटाची रचना) कुठं, सेटिंग कुठं, मायग्रेशन कुठं, हे उद्या आलेल्या माणसालाही ठाऊक असतं.

शिवाय ॲडमिन, म्हणजे माहिती भरायच्या आयत्या स्क्रीन. जँगो मुळात अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. पत्रकारांना घाईघाईत मजकूर भरायचा असायचा, म्हणून भरायच्या स्क्रीन आपोआप तयार होतील ही सोय त्यात मुरलेली आहे. सुताच्या आवकेचं मॉडेल लिहिलं, आठ-दहा ओळींत ॲडमिनला जोडलं, की गोडाऊनच्या मुनीमजींना काउंट, बॅग, वजन, पार्टी भरायला स्क्रीन हजर. शोधायची सोय, गाळणी, कुणी काय बदललं त्याची नोंद, सगळं आलं. एक्सप्रेसमध्ये हीच स्क्रीन हातानं लिहावी लागते आणि तिचे पैसे कुठला मालक वेगळे देत नाही.

कडक भाकरी

असहमत. हिंजवडीला जाणारा पोरगा जँगो आहे म्हणून थांबणार आहे का? जाणारा जाणारच. प्रश्न असा की त्याच्या जागी कोण येणार. सोलापुरात जाहिरात देऊन बघा, बहुतेक अर्ज जावास्क्रिप्टवाल्यांचे येतात. पुढं स्क्रीनला रिॲक्ट, मागं सर्व्हरला नोड, एकच भाषा. पायथनवाला सापडला तर त्याला डेटा सायन्स करायचं असतं, तुमच्या सुताच्या बॅगा मोजायच्या नसतात.

आणि "सगळं आतच" म्हणजे त्यांनी ठरवलेलं सगळं. जँगोचं नवं व्हर्जन साधारण दर आठ महिन्यांनी येतं, त्याच्यामागं पळत राहा. एक्सप्रेस ४ आलं २०१४ ला, ५ आलं २०२४ ला. मधली दहा वर्षं कुणाचा कोड मोडला नाही. याला मी टिकाऊ म्हणतो.

जुळे सोलापूरकर

दर आठ महिन्यांनी पळायला कुणी सांगितलंय? एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारं व्हर्जन घ्यायचं. ५.२ हे एप्रिल २०२५ चं, त्याला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या आहेत. तीन वर्षांतून एकदा बसून अपग्रेड करायचं.

आणि ती दहा वर्षं तुम्ही टिकाऊपणात धरता, मी दुर्लक्षात धरतो. एक्सप्रेस ४ मध्ये असिंक हँडलरात (डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबणाऱ्या कोडात) चूक झाली तर ती एरर-हँडलरपर्यंत आपोआप पोचतच नव्हती. प्रत्येक जागी स्वतः पकडा, नाहीतर वेगळं पॅकेज लावा. ते ५ मध्ये सुधारलं.

पॅकेजांचं तर विचारूच नका. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकानं काढून घेतलं तर जगभरचे बिल्ड बसले. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग या पॅकेजांच्या देखभालकर्त्याचं खातं फसवून घेतलं आणि त्यांत वाईट कोड घुसवला. डीबग एक्सप्रेस स्वतःच ओढून आणतं, तुम्ही मागा नाहीतर मागू नका.

कडक भाकरी

पॅकेजांची व्हर्जनं पक्की करणारी लॉक फाईल नावाची गोष्ट आहे, सर. उठसूट अपडेट न करणाऱ्यांना त्या दिवशी काहीही झालं नाही. आणि पायथनच्या पॅकेज भांडारात भेसळ होत नाही असं म्हणत असाल तर बातम्या वाचत चला.

पीएचपीचा जुना भिडू

तुम्ही दोघं भांडा बे, आमची बिलं लारावेलवर (पीएचपीचं फ्रेमवर्क) रोज निघतात.

साध्या शेअर्ड होस्टिंगवरही चालतं. रांगेत टाकायची कामं, मेल, वेळापत्रक, सगळं घरचं. जँगोत अशी रांगेतली कामं म्हटली की वर्षानुवर्षे सेलेरी नावाचं पॅकेज वेगळं लावत आलात, मग कुठं राहिलं तुमचं "सगळं आतच"? ॲडमिनसाठी फिलामेंट नावाचं पॅकेज आहे. आणि पीएचपी येणारा माणूस सोलापुरात आजही मिळतो, पगारही झेपतो.

ज्यांनी फ्रेमवर्कशिवाय लिहिलं त्यांचे हालही मी पाहिलेत. पीएचपी ७ आलं (२०१५ चा डिसेंबर) आणि जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं पार काढून टाकली. फाईली-फाईलींत हातानं क्वेरी लिहिलेले कित्येक जण होस्टिंगवाल्याच्या विनवण्या करत जुन्या व्हर्जनवर अडकून बसले. लारावेलवाल्यांना त्याचा त्रास नव्हता, कारण ते खाली पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलायचा नवा मार्ग) वापरतं. म्हणून कुठलं घ्या यावर मी भांडत नाही, पण एक घ्या.

कडक भाकरी

लारावेलचं मोठं व्हर्जन दरवर्षी येतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या दोनच वर्षं. गिऱ्हाइकाला दरवर्षी अपग्रेडचं बिल लावता का?

पीएचपीचा जुना भिडू

लावतो की. वार्षिक देखभाल करारात स्वतंत्र ओळ असते. तुम्ही लावत नसाल तर तो फ्रेमवर्कचा दोष नव्हे.

शेवटच्या वर्षाला

सर, एक विचारू का? आम्हाला कॉलेजात जावा होतं. पुण्याच्या जाहिरातींत स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) नाहीतर नोड. तुमच्याकडं दोन वर्षं जँगोत घालवली तर पुढच्या मुलाखतीत आमचं काय? फ्रेमवर्क निवडताना काम करणाऱ्या पोरांचा विचार कुणी करत नाही.

जुळे सोलापूरकर

म्हणजे मी सोलापूरच्या कारखानदाराच्या पैशांवर पुण्याच्या कंपन्यांसाठी माणसं घडवायची? छान आहे.

शेवटच्या वर्षाला

पगार पुण्याच्या निम्मा देणार असाल तर शिकायला तरी मिळावं ना सर.

हिंजवडीतून

पोरगा बरोबर बोलतोय, त्याला झापू नका. मी स्वतः वालचंद कॉलेजातून बाहेर पडून तोच रस्ता धरला.

रोज स्प्रिंग बूटवर काम करतो, तरी या कारखान्यासाठी ते सुचवणार नाही. मोठ्या बँकेच्या कामाला त्याच्या तोडीचं थोडंच आहे. पण अपग्रेडची मजा ऐका. २०२२ च्या नोव्हेंबरात स्प्रिंग बूट ३ आलं. किमान जावा १७ हवं, आणि जावा-एक्सनं सुरू होणारी कितीतरी पॅकेजनावं बदलून जकार्ता करायची. कारण काय, तर एंटरप्राइज जावा ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडं गेलं, पण नावाचा हक्क गेला नाही. आपल्या धंद्याशी काडीचा संबंध नसलेल्या कारणासाठी टीमच्या टीम कामाला लागल्या. आमच्याकडं माणसं होती. तुमच्या पाच जणांच्या ऑफिसात हे कोण करणार?

आता मुलाखतीचं. फ्रेमवर्क मी नव्या माणसाला महिन्यात शिकवतो. एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) शिकवायला वेळ लागतो, आणि अडतं तिथंच. जँगोत शंभर ऑर्डरींची यादी काढली आणि प्रत्येक ओळीत पार्टीचं नाव दाखवलं, तर सरळ लिहिल्यास डेटाबेसला एकशे एक फेऱ्या होतात: एक यादीची, शंभर नावांच्या. सिलेक्ट-रिलेटेड जोडलं की एकच फेरी. लारावेलात त्या कामाला विथ (तिथं दोन फेऱ्या), स्प्रिंगमध्ये जॉइन फेच. फ्रेमवर्क स्लो आहे म्हणून बोंब मारणाऱ्यांच्या लॉगमध्ये मला बहुतेक वेळा हेच सापडतं. ते ओळखता येणाऱ्याला मी जँगोवाला असला तरी घेईन.

कडक भाकरी

वेगाचा विषय निघालाच आहे तर टेकएम्पॉवरच्या फ्रेमवर्कांच्या वेगचाचण्या बघा. जँगो तळाशी असतं.

हिंजवडीतून

तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात सेकंदाला हजारो विनंत्या कोण करणार, यंत्रमाग? तुमच्या नोडमध्ये एखाद्यानं वर्षभराचा अहवाल त्याच प्रोसेसमध्ये गोळा करायला घेतला तर इव्हेंट लूप (सगळी कामं एकामागून एक घेणारं चक्र) अडतो आणि बाकी सगळे गोल फिरणारं चक्र बघत बसतात. वेगळ्या वर्कर थ्रेडमध्ये टाकता येतं, मान्य, पण ते टाकायचं कळायला हवं. आणि पैशाचं काय? जावास्क्रिप्टात ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. सीजीएसटी-एसजीएसटीच्या बेरजेत एक पैसा इकडं-तिकडं झाला की अकाउंटंट फोनवर.

कडक भाकरी

पैसे पैशांत साठवा, पूर्णांकात. पायथनमध्येही फ्लोट वापरलात तर हेच उत्तर येतं. डेसिमल फील्ड घ्यायची अक्कल तिथंही माणसालाच लागते.

(इव्हेंट लूप अडण्याचा मुद्दा मात्र मान्य.)

एकच बायनरी

गो या भाषेचं नाव कुणीच काढलं नाही? २०१२ च्या मार्चमध्ये गो १ आलं तेव्हा त्यांनी शब्द दिला की आज लिहिलेला प्रोग्राम पुढच्या १.क्ष मध्येही चालेल, आणि तो बऱ्यापैकी पाळलाय. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ पासून विनंतीची पद्धत (गेट, पोस्ट) आणि पत्त्यातले बदलते भाग घरच्याच राउटरला कळतात, म्हणजे त्यासाठीही फ्रेमवर्क नको. एकच फाईल तयार होते. कारखान्यातल्या कोपऱ्यातल्या पीसीवर ठेवा, चालू करा. पाच वर्षांनी कुणी कंपाइल केलं तरी होईल.

जुळे सोलापूरकर

टिकाऊपणात तुम्ही सगळ्यांच्या पुढं, कबूल. पण लॉगिन, परवानग्या, ॲडमिन? ते लिहीपर्यंत पुढची गड्ड्याची जत्रा येईल.

टॉवेलवाला

इथं आमच्यासारख्यांनी बोलावं का माहीत नाही, पण सॉफ्टवेअर वापरणारा मीच आहे.

तुम्ही म्हणता सुटे भाग नकोत. आमचा सगळा माग सुट्या भागांचाच आहे. कुठला भाग कुठल्या दुकानातला ते जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) ठाऊक असतं, आणि एक जॉबर गेला तर दुसरा मिळतो, कारण माग समोर उभा असतो, कुणीही उघडून बघावं. तुमचं तसं नाही. आधीच्या माणसानं सॉफ्टवेअर करून दिलं, सर्व्हर त्याच्या नावावर, डोमेन त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. तो फोन उचलेना झाला. आत जँगो होतं का अजून काय, मला आजही माहीत नाही. असून काय उपयोग होता?

दुसरं. शेडमध्ये आमचा माणूस साध्या अँड्रॉइडवर काम करतो, नेटची दांडी एकच. त्या जुन्या सॉफ्टवेअरचं पान उघडायलाच इतका वेळ लागायचा की तो वहीत लिहायचा आणि संध्याकाळी ऑफिसातली मुलगी भरायची. मग साठा दुपारी कसा कळणार?

पीएचपीचा जुना भिडू

मालक, हे बेस बोललात. म्हणूनच म्हणतो, पान सर्व्हरवरच तयार करून साधं एचटीएमएल पाठवा. रिॲक्टचं गाठोडं शेडमध्ये उतरवायची काय गरज? जँगो, लारावेल दोघांनाही जमतं.

जुळे सोलापूरकर

मालक, करारात घालतो: सर्व्हर आणि डोमेन कारखान्याच्या नावावर, कोडची रेपॉझिटरी तुमच्या खात्यात, रोजचा बॅकअप तुमच्या ऑफिसातल्या डिस्कवर, आणि टॅलीत नेण्यासाठी एक्सएमएल. आमच्या पोरांनाही सांगितलं, रिॲक्ट बाद. त्यावरून रुसवे चालू आहेत.

चलन मराठीत काढायचं म्हणून पीडीएफची चाचणी केली तर नवीनच भानगड. "सिद्धेश्वर" छापलं तर पहिली वेलांटी स-च्या मागं आणि द्ध फुटलेला. अक्षरं जुळवून मांडायचं काम सगळ्याच पीडीएफ लायब्रऱ्या करत नाहीत. वीझीप्रिंट ही लायब्ररी खाली पँगो (अक्षरं जुळवणारं) वापरतं, त्यानं नीट आलं.

पीएचपीचा जुना भिडू

आमच्याकडं डॉमपीडीएफ लायब्ररीनं तेच केलं. एमपीडीएफवर गेलो, सुटलो.

एकच बायनरी

गोमध्ये या बाबतीत हाल आहेत. मी शेजारी हेडलेस (खिडकी न दाखवणारा) क्रोम चालवतो आणि एचटीएमएलवरून पीडीएफ काढतो.

कडक भाकरी

म्हणजे एकच फाईल, आणि सोबत अख्खा क्रोम!

टॉवेलवाला

पण मराठीत चलन मागितलंय कुणी? आमचा माल गुजरातला जातो, साउथला जातो. बिल आणि चलन इंग्रजीतच राहू द्या. मराठीत हवी ती आठवड्याच्या पगाराची चिठ्ठी: किती नग विणले, काय दर, किती उचल कापली. कामगारांच्या घरी बोलणं तेलुगूत, पण वाचायला मराठी चालतं. शनिवारी ती हातात पडली की काउंटरवरची वादावादी निम्मी होईल. आधी तेवढं करून दाखवा, साठ्याचं नंतर बघू.